मुखरूचा डावा हात

मुखरूच्या मायचा पाय मुखरूच्या हातात उतरला, असे आमच्या गावात म्हणत. हे कुणी कुजबुजून म्हणत नसे. विहिरीवर, पानठेल्यावर, धान उडवताना, यंदा पाऊस उशिरा आहे म्हणावे तसे ते सहज बोलले जाई. "बाई मरून इतके वर्सं झाले, पन पाय काई गेला नाई तिचा. घरातच व्हता. आता पोराच्या हाती लागला." ऐकणारा मान हलवी. ज्यांनी तो पाय पाहिला होता त्यांना हा हात ओळखीचा वाटत असे, आणि ज्यांनी पाहिला नव्हता त्यांना हात पाहून पायाची कल्पना येई.

सावलीहून वैनगंगेकडे जाताना आमचे गाव लागते. वर मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, त्याच्या पाळीखाली ढिवरांची घरे आणि त्यांच्यापुढे नजर पोहोचेल तिथवर धानाच्या बांध्या. मुखरू ढिवर हा याच पाळीखालचा. फेकजाळे टाकण्यात त्याच्यासारखा हात गावात दुसरा नव्हता. जाळ्याचा घेर डाव्या कोपरावर लटकवायचा, काठाचा एक पदर दातात धरायचा आणि कमरेतून वळून सगळे एकदम सोडायचे. त्याचे जाळे पाण्यावर पडताना ताटासारखे गोल पडे. त्याच्या डाव्या हाताची गावाला तेवढीच ओळख होती.

त्याच्या आईचे नाव भागरता. तिचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली हत्तीरोगाने भरलेला होता. या भागाला तो रोग नवा नाही. साचलेले पाणी आणि डास जिथे आहेत तिथे तो आहे, आणि गावात दर दोन-चार घरांआड एखादा सुजलेला पाय असतो. तरीही प्रत्येक घराला वाटते की तो आपल्याच रक्तातून आला आहे, आणि दुसऱ्या घराला तर त्याबद्दल खात्रीच असते. मुखरू लहान असताना आईच्या पिंडरीत अंगठा दाबून खड्डा करीत असे आणि तो हळूहळू भरून येताना पाहत बसे. पुढे कातडी जाड आणि खरबरीत झाली, खड्डा पडेना, तेव्हा तो खेळ संपला. भागरताला पाय उचलता येत नसे; ती तो ओढी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर आधी घासल्याचा लांब आवाज येई आणि मग टेकल्याचा आखूड. घरात ती कुठे आहे हे न पाहता कळत असे.

मुखरूची सोयरीक रुखमाबाईशी झाली, तेव्हा मुलीकडच्यांना भागरताचा पाय दाखवलेला नव्हता. त्या वेळी त्यांच्यात लग्न नवरदेवाच्या दारी लागे. वऱ्हाड येण्याच्या सकाळी घरातल्या मोठ्यांनी ठरवले, आणि मुखरूच्या समोरच ठरवले, की भागरताने मागच्या सांदीत बसावे आणि तिच्या जागी तिची जाऊ गिरजा हिने नवरदेवाची आई म्हणून मांडवात उभे राहावे. भागरतासाठी आणलेले नवे पातळ गिरजाने नेसले. हळद गिरजाने लावली. विहिणीला मिठी गिरजाने मारली. मुखरू पाटावर बसला होता. मागून, बँडच्या दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत, त्याला तो घासल्याचा आवाज ऐकू आला. सांदीतल्या सांदीत आई जागा बदलत असावी. तो उठला नाही.

रुखमाबाईला आपली खरी सासू कोण, हे लग्नानंतर काही दिवसांनी कळले. ती मागच्या दाराने भांडी घासायला गेली, तर तिथे एक बाई तांदूळ निवडत बसली होती. "तू कोन वं?" रुखमाबाईने विचारले. त्या बाईने पाय पातळाखाली ओढून घेतला आणि म्हटले, "मी इथलीच हावो, बाई. तुह्या नवऱ्याची माय." रुखमाबाई हे पुढे अनेकदा सांगत असे, आणि तिला त्यात सर्वांत वाईट काय वाटले तेही सांगत असे: की सासू तिच्यासमोर ओशाळली होती.

भागरता त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली. रुखमाबाईने तिचा पाय धुतला, तेलपाणी केले, शेवटी अंथरुणातही सांभाळले. मुखरू आईशी नीट बोलत असे, तिला वेळेवर दवाखान्यात नेत असे. मांडवाची गोष्ट त्याने कधी काढली नाही आणि तिनेही नाही. मग ती गेली. घरात फरशी आली. फरशीवर पाय घासल्याचा आवाज निराळा येतो, किंबहुना येतच नाही. पण मुखरू जेवता जेवता थांबे आणि मागच्या दाराकडे पाही.

"काय झालं?" रुखमाबाई विचारी.

"आवाज आला."

"मांजर असंन."

रुखमाबाईला तो कधी ऐकू आला नाही, की आला आणि तिने सांगितले नाही, हे कळायला मार्ग नाही.

मूत्रपिंडाचा आजार त्याला चाळिशी उलटल्यावर लागला. आधी पाय, तोंड सुजले. मग श्वास पुरेना. नागपूरला नेले तेव्हा जीव दाराशी होता. मानेखाली डाव्या बाजूला, खांद्याकडे जाणाऱ्या आडव्या हाडामागे नळी घालून तातडीने डायलिसिस केले, आणि ती नळी पुढे बरेच आठवडे तिथेच राहिली. उजव्या हातावर फिस्टुला केला, म्हणजे मनगटाजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडून दिल्या, जेणेकरून शीर फुगून जाड व्हावी आणि मशीनच्या सुया तिच्यात टोचता याव्यात. तो चालला नाही. मग डाव्या हातावर केला, आणि तो चालला. तेव्हापासून आठवड्यातल्या ठरलेल्या दिवसांना गडचिरोलीला जाणे, मशीनला हात देऊन पडून राहणे आणि संध्याकाळी बसने परत येणे हेच त्याचे आयुष्य झाले. जाळे खुंटीला गेले. डाव्या हातावर वजन घ्यायचे नव्हते.

फिस्टुला ज्या हातावर असतो तो हात आतून सतत गुणगुणत असतो. बोट ठेवले तर थरथर जाणवते, कान लावला तर आवाज येतो. सुरुवातीला गावाला याचे मोठे कौतुक होते. लोक घरी येऊन हात लावून पाहत. "मुखरूभाऊच्या हातात डीपी बसवला हाय," असे गिरजाकाकूचा मुलगा देवराव म्हणायचा. "लाईन गेली त गाव याच्यावर चालवू. लागू नका बे, शाक बसंन." मुखरूही हसे. रोज उठल्यावर तो हात कानाशी नेई, कारण आवाज चालू आहे तोवर फिस्टुला जिवंत आहे, असे त्याला शिकवले होते.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुमाराला, तो हात सुजू लागला. आधी बोटे, मग पंजा, मग कोपर, मग थेट खांद्यापर्यंत. कातडी ताणून चकाकू लागली. एका दुपारी रुखमाबाईने पाहिले की मुखरू ओट्यावर बसून उजव्या हाताचा अंगठा डाव्या हातात दाबतो आहे, उचलतो आहे, आणि पडलेला खड्डा भरून येताना पाहतो आहे. तिच्या येण्याची चाहूल लागताच त्याने हात दुपट्ट्याखाली घेतला. आईने पाय ओढून घेतला होता, अगदी तसा.

त्या दिवसापासून मुखरूने ठरवून टाकले की हे काय आहे. गावाने तर आधीच ठरवले होते. हत्तीरोग खात्याच्या माणसांनी येऊन रक्त नेले, त्यात काही सापडले नाही. लोक म्हणाले, भागरताच्याही रक्तात कधी सापडले नव्हते. एका डॉक्टरांनी हात पाहून विचारले, "घरात आणखी कुणाला अशी सूज होती?" मुखरूने लगेच उत्तर दिले, "माह्या मायले व्हती. आमच्या घरचंच हाय हे." असे उत्तर आमच्या भागात कुणीही दिले असते, आणि ते ऐकून कुणालाही पुढे शोधावेसे वाटले नसते. गोळ्या मिळाल्या. सूज वाढत राहिली. डायलिसिसला तो आता पूर्ण बाह्यांचा सदरा घालून जाई, बाही फक्त सुया टोचण्यापुरती वर घेई आणि हातावर दुपट्टा टाकून भिंतीकडे तोंड करून पडे.

याच हिवाळ्यात त्याच्या मुलीची, दिव्यानीची, सोयरीक जमली. मुलगा पियुष गडचांदूरला सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. माणसे बरी होती. पाहुणे आले तेव्हा मुखरू थंडीचे निमित्त करून घोंगडी पांघरून बसला. लग्न उन्हाळ्यात धरले, आणि आताशा लग्न मुलीकडे लागत असल्यामुळे मांडव मुखरूच्याच दारी पडणार होता. आमच्याकडे मांडवात वधूचे आईबाप परातीत नवरा-नवरीचे पाय धुतात. दोघांचेही हात कोपरापर्यंत उघडे, ओले, हळदीचे. आणि भोवती सगळे वऱ्हाड.

देवराव एका सकाळी चहाला म्हणून आला आणि बराच वेळ कपाशी चाळा करीत बसला.

"भाऊ, राग नको मानू. पाय धुवाच्या टायमाले काय करतं?"

"काय करतो म्हंजे?"

"लोकं हात पाह्यतीन. मंग म्हंतीन, आजीले पाय, बापाले हात, आता पोरीले काय? पोरगी वापस धाडाले येवढं कारन पुरते त्याईले." त्याने कप खाली ठेवला. "तू डायलिसिसले गेला म्हनून सांगू. तुह्या जागेवर मी बसतो. लेकरू माहं बी हायच ना."

रुखमाबाई चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "आन् मी कोठी बसू, देवरावभाऊ?"

"वहिनी, तुम्ही त मांडवातच राहान."

"म्हंजे तुमच्या बाजूले बसून पाय धुवू? लोकं हत्तीरोग इसरून जातीन मंग. म्हंतीन, रुखमानं मांडवातच नवरा बदलवला."

देवरावला हसू आवरेना. मुखरू हसला नाही. तो हातावरचा दुपट्टा सारखा करीत म्हणाला, "बसू दे त्याले. माह्या मायनं सांदीतून लगन ऐकलं. मी बी ऐकीन."

रुखमाबाईच्या ध्यानात तेव्हा आले, की आपला नवरा या हाताला आजार समजतच नाही. तो त्याला परतफेड समजतो. आणि कुणी ती थांबवू नये अशी त्याची इच्छा आहे.

गडचिरोलीच्या केंद्रावर खुशबू नावाची मुलगी मशीन सांभाळत असे. मुखरूच्या वेळी मशीन वारंवार ओरडते, परतीच्या नळीतला दाब वाढतो आणि सुया काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही, हे तिने पाहिले होते. एके दिवशी सुई काढल्यावर रक्त असे वाहिले की सदरा भिजला. तिने तो काढायला लावला. मुखरूने पुष्कळ आढेवेढे घेतले, पण दुसरा इलाज नव्हता. सदरा निघाला आणि खुशबू पाहत राहिली. डाव्या खांद्यावर, छातीवर, थेट गळ्याखालपर्यंत निळ्या शिरांचे जाळे उठले होते.

"मुखरूभाऊ, ह्या शिरा कधीपासून हायेत?"

"असतीन."

"असतीन काय? तुमच्या मायच्या पायावर, मांडीवर, अशा शिरा व्हत्या का?"

मुखरूने डोळे मिटले. आईचा पाय त्याला कुणापेक्षाही जास्त पाठ होता. राखाडी कातडी होती, घड्या होत्या, घोट्यापाशी गाठी होत्या. निळी शीर एकही नव्हती.

"नाई," तो म्हणाला.

"मंग हे मायचं नाई, भाऊ. हे वेगळं हाय. मी डॉक्टरसाहेबांना बोलवते."

तिने हे आनंदाने सांगितले होते. मुखरूचा चेहरा मात्र असा झाला, जणू कुणीतरी त्याच्याजवळचे माणूस उठवून नेते आहे.

डॉक्टरांनी हात, खांदा, मान नीट तपासली. मानेखालचा जुना व्रण पाहून त्यांनी त्या पहिल्या नळीबद्दल विचारले. मग समजावून सांगितले. फिस्टुलामुळे या हातात रक्त जोराने येते. ते छातीकडे परत जाण्याची मोठी वाट त्या हाडामागून जाते. ती वाट आतून आवळली गेली आहे. नळी जिथे बराच काळ राहते तिथे शिरेच्या आत कधी कधी असा व्रण धरतो. त्या नळीने जीव वाचवला होता, हेही तितकेच खरे. आता रक्त येते आणि अडते, म्हणून हात सुजतो आणि छातीवरच्या बारीक शिरा आडवाटा काढतात. नागपूरला जाऊन शिरेतून तार घालायची, आवळलेल्या जागी फुगा फुगवून ती मोकळी करायची, हा उपाय. हे नाही केले तर फिस्टुला बांधून बंद करावा लागेल. हात उतरेल, पण उजवा आधीच गेला असल्याने सुई टोचायला चांगली जागा उरणार नाही.

"जागा नाई उरली त?" मुखरूने विचारले.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला ठाऊक आहे."

"इचार करून सांगतो," मुखरू म्हणाला, आणि सदरा घालून बाहेर पडला.

तो विचार करीत राहिला. तारीख मिळाली, ती त्याने जाऊ दिली. दुसरी मिळाली. होळी होऊन गेली, मोहाची फुले वेचून झाली, मांडवासाठी जांभळाच्या फांद्या कुठून आणायच्या याची बोलणी सुरू झाली, आणि हाताची बोटे आता मिटत नव्हती. बसमधून येताना तो हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे पाहत बसे. रुखमाबाईने रडून पाहिले, भांडून पाहिले. दिव्यानीने लग्नच मोडते म्हणून धमकी दिली. तो एवढेच म्हणे, "जे आलं ते येऊ द्या."

शेवटी रुखमाबाई गिरजाकाकूकडे गेली. भागरताची जाऊ, मांडवात तिच्या जागी उभी राहिलेली ती. आता ती फार म्हातारी झाली होती, पण काठी न घेता पाळीवरून चालत आली आणि मुखरूच्या समोर बसली.

"दाखव."

"काय दाखवू, काकू? आधीच पाह्यलं ना गावानं."

"गावानं पाह्यलं असंन. मी नाई पाह्यलं. दाखव."

त्याने दुपट्टा बाजूला केला. गिरजाकाकूने तो हात आपल्या मांडीवर घेतला, उलटा केला, दाबला.

"तुही माय हाय म्हंतं हे?"

मुखरूने हात मागे ओढला; तिने सोडला नाही.

"तिचं पातळ कोन नेसलं व्हतं तुह्या लग्नात?"

"तू."

"हळद कोनं लावली? विहिनीच्या गळ्यात कोन पडलं? मी. आन् मले गोड लागलं बाप्पा ते, खरं सांगतो. सारे माय माय करत व्हते. तिले काई घ्याचं असतं माघारी, त माह्या आंगातून घेतलं असतं. माहे हातपाय काऊन धड हायेत मंग?"

"तू जाऊ व्हतीस, काकू. मी पोरगा."

"हाव. हे खरं बोलला." म्हातारीने त्याचा हात परत त्याच्या मांडीवर ठेवला. "तू पोरगा व्हतास आन् उठला नाईस. ते तुह्यापाशी राहीन, मरेपर्यंत राहीन, त्याले कोनी काई करू शकत नाई. पन ते हातात नाई बसलं. डॉक्टर म्हंते शीर बुजली, त बुजली असंन. तू मायचं नाव घेऊन शिरेले पाळून राह्यला." मग ती उठली आणि दाराशी जाऊन वळली. "आन् देवरावले मी सांगतलं. एक बार ह्या घरात खोटी माय बसली. आता खोटा बाप बसनार नाई. बसला त मी मांडवात येऊन त्याचा कान धरीन."

पुढच्या तारखेला मुखरू नागपूरला गेला.

त्याला पूर्ण झोपवले नव्हते. हाताच्या शिरेतून बारीक तार पुढे सरकत होती आणि बाजूच्या पडद्यावर औषध सोडल्याबरोबर त्याच्या शिरा काळ्या उमटत होत्या. जाड शीर कोपरावरून, दंडावरून वर चढत गेली आणि मानेखालच्या हाडापाशी येऊन एकदम सुतासारखी झाली. तिच्याभोवती आडवाटांचा गुंता दिसत होता. डॉक्टर म्हणाले, "आता दुखेल. हलू नका." फुगा फुगला. फुग्याची कंबर पडद्यावर मध्येच आवळलेली दिसत होती. खांद्याच्या आत कुणी पाय रोवून उभे राहावे तसे दुखले. डॉक्टरांनी दाब वाढवला, थांबले, पुन्हा वाढवला. मग ती कंबर सुटली आणि फुगा सरळ झाला. पुन्हा औषध सोडले तेव्हा काळी रेघ न अडता छातीकडे गेली आणि भोवतीचा गुंता दिसेनासा झाला.

"छान," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, तिथी आनखी काई दिसते का?"

"कुठे?"

"तिथीच. अंदर."

डॉक्टरांनी पडद्याकडे पुन्हा एकदा काळजीपूर्वक पाहिले. "नाही. काही नाही. का?"

"असंच इचारलं," मुखरू म्हणाला.

निघताना त्याला सांगितले की अशी शीर पुन्हा आवळू शकते. हात पुन्हा सुजू लागला तर लपवू नका, लगेच या.

हात उतरला. आधी बोटे मोकळी झाली, मग मनगटाची हाडे दिसू लागली, मग ताणलेली कातडी सैल पडून तिला सुरकुत्या आल्या. खुशबूने मशीनचा दाब पाहून टाळी वाजवली. गावाला थोडे चुकल्यासारखे झाले. मायचा पाय असा नागपूरला जाऊन उतरवता येतो हे कुणाला पटेना. फिस्टुलाचा आवाज, जो मधल्या काळात ठोके पडल्यासारखा जड झाला होता, पुन्हा मऊ झाला.

लग्नाच्या आधी घर माणसांनी भरले होते. रुखमाबाई काही शोधत मागच्या सांदीत गेली, तर मुखरू तिथे एकटा जमिनीवर बसला होता. मांडवासाठी आणलेल्या पराती, घंगाळे, पाट यांच्यामध्ये भिंतीला पाठ लावून तो कान देऊन ऐकत होता.

"काय ऐकून राह्यले?"

"काई नाई."

"मंग?"

"तेच म्हन्तो. काईच ऐकू येत नाई आता," तो म्हणाला.

रुखमाबाईने पुढे सांगितले की तिला त्या वेळी मांजराचे नाव घेता आले नाही. ती त्याच्याजवळ थोडा वेळ बसली. बाहेर कुणीतरी तिला हाका मारीत होते.

लग्नाच्या दिवशी हात पूर्ववत झालेला होता असे म्हणता येणार नाही. पंजावर थोडी सूज होती, कातडी काळवंडलेली होती, आणि दंडावर फिस्टुलाची शीर बोटाएवढी जाड उठून दिसत होती. देवरावने पूर्ण बाह्यांचा नवा सदरा आणून दिला होता. मुखरू अर्ध्या बाह्यांचा घालून आला. परात मांडली. तो आणि रुखमाबाई पाटावर बसले, दिव्यानी आणि पियुष समोर. बँडवाल्यांना थांबवले. मुखरूने दोन्ही हात पाण्यात घातले आणि जावयाचा पाय धरला.

वऱ्हाडातल्या बाया पुढे सरकून पाहत होत्या. पियुषची आत्या अगदी परातीला लागून उभी होती. ती वाकली, तिने हात पाहिला, मग शेजारच्या बाईकडे पाहिले.

"अवो, हे हाताले काय झालं इवायाच्या?" ती मोठ्याने म्हणाली. "हत्तीरोग त नाई ना तुमच्या घरात?"

मागे कुजबुज झाली आणि थांबली. दिव्यानीने मान खाली घातली. देवराव गर्दीतून पुढे येत "नाई नाई, ते मशीनच्या सुया लागते ना आत्याबाई, म्हनून—" असे म्हणू लागला. रुखमाबाईने नवऱ्याकडे पाहिले. त्याने ओला हात वर करून देवरावला गप्प केले. मग तोच हात आत्याबाईपुढे धरला, आणि तांब्याच्या परातीत थेंब पडत असताना म्हणाला:

"हत्तीरोग नाई, बाई. शीर बुजली व्हती, नागपूरले खोलून आनली. हत्तीरोग माह्या मायले व्हता. माह्या लग्नात तिले आम्ही मांगच्या सांदीत लपवलं आन् दुसरी बाई माय म्हनून उभी केली. तुम्ही इचारलं, मी सांगतलं. आता बोला, पाय धुवू का उठू?"